हेदरला पाजलेलं ताक

परवा भाजी आणायला गेले, तर दुकानाच्या दाराशीच कुंड्यांमधून निळं हेदर, म्हणजे एक फुलझुडूप, मांडून ठेवलं होतं. निळं म्हणजे कसं, तर पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ असते ना, तस्सं. त्याच्या शेजारी भगवं, भगव्याच्या शेजारी पोपटी. मी जवळ जाऊन एक काडी चिमटीत धरली, तर बोटांना रंग लागला. जिवंत झाडावर स्प्रे मारलेला होता. खाली, कुंडीच्या काठाशी, जिथे स्प्रे पोचला नव्हता तिथे चार-दोन काड्यांवर त्यांची स्वतःची फिकट जांभळी फुलं तेवढी उरली होती. मला अक्षरशः शिसारी आली. तेवढ्यात एक बाई "सो प्रिटी!" म्हणाली आणि दोन निळ्या कुंड्या उचलून ट्रॉलीत टाकून गेली.

गाडीत बसून मी ओल्या टिश्यूने बोटं पुसत राहिले. रंग निघाला, पण नाकात भलताच वास शिरला. आंबलेल्या ताकाचा. त्या पार्किंग लॉटमध्ये ताक कुठून येणार? पण अमेरिकेतल्या आमच्या या कॅरी गावात ऑगस्ट अर्ध्यावर आला, हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटायला लागली, की मला हा वास येतोच. तीन वर्षं येतोय. विनय, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "अगं, सगळं तुझ्या डोक्यात आहे." असेल. डोक्यात असलेला वास नळाखाली धरून धुता येत नाही, एवढाच फरक.

मला घाणीचा तिटकारा आहे, आणि तो मी नुसता जोपासलेला नाही, त्यावर पगार घेतला आहे. औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासण्यात माझी उभी हयात गेली. कागदावर लिहिलेलं नसेल तर माझ्यासमोर कुणाला पाण्याचा थेंबही इकडचा तिकडे करता येत नसे. "शुभा येतेय" म्हटलं की लोक हातमोजे बदलत. अशी मी. आणि त्या उन्हाळ्यात माझ्याच फ्रिजच्या दारावर, गणपतीच्या मॅग्नेटखाली, एक चार ओळींचा कागद होता.

कागद डोरोथीचा होता. डोरोथी आमची डाव्या हाताची शेजारीण. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेली, ऐंशीच्या उंबरठ्यावरची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आम्ही या घरात राहायला आलो त्याच आठवड्यात ती कुंपणापाशी येऊन मला म्हणाली होती, "तुमच्या घरातून येणारा वास मला आवडतो. कसला आहे तो?" फोडणीचा होता. फोडणीच्या वासाबद्दल तक्रार करणारे शेजारी मी पाहिले होते, आवडतो म्हणणारी ही पहिली. तेव्हापासून आमचं जमलं.

तिच्या आणि आमच्या घरामधल्या उतारावर तिचा हेदरचा वाफा होता. इथली माती तांबडी. कोकणातल्यासारखी म्हणून जीव हरखतो, आणि मग पहिल्या मोठ्या सरीत कळतं की हा कुंभाराचा चिखल आहे. पाणी धरून ठेवतो, सोडायचं नाव घेत नाही. हेदर हे थंड, वाऱ्याच्या, रुक्ष डोंगरांवरचं झुडूप. त्याच्या मुळांना पाणी तुंबलेलं चालत नाही, हवा दमट चालत नाही, माती सकस चालत नाही. नर्सरीतल्या प्रत्येकाने डोरोथीला सांगितलं होतं की हे इथे जगणार नाही. तर या बाईने मातीवर गुडघाभर उंच वाफा बांधला, त्यात जाड वाळू आणि पाइनच्या सालीचे तुकडे भरले, आणि नऊ झाडं लावली. अकरा वर्षं ती नऊच्या नऊ जगली. जुलैच्या शेवटी फुलायला लागायची आणि सप्टेंबरपर्यंत उतार जांभळा असायचा. लोक कुत्री फिरवताना मुद्दाम आमच्या गल्लीतून जात.

खरं सांगायचं तर मला ते झाड कधी विशेष वाटलं नव्हतं. फुलं नसताना ते उलट्या धरलेल्या खराट्यासारखं दिसतं. पानं म्हणजे नुसते खवले. फुलं नाचणीच्या दाण्याएवढी, वास जेमतेम. मोगऱ्याची आणि सोनचाफ्याची सवय असलेल्या माणसाने याला काय फुलझाड म्हणायचं! डोरोथीसमोर मी "ब्युटिफुल" म्हणत असे आणि मनात नाक मुरडत असे. शिवाय ते मला कायम उपाशी वाटायचं. वाळकुडं, काटकुळं, कुणी कधी पोटभर न वाढलेलं.

हा 'उपाशी' शब्द नीट लक्षात ठेवायला हवा. सगळी घाण तिथून सुरू झाली.

त्या वसंतात डोरोथी स्वयंपाकघरात पडली आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. तिची मुलगी लिंडा ओहायोहून आली. चांगली, कामसू, सदैव घाईत असलेली बाई. तिचं म्हणणं सरळ होतं: आईने आता ओहायोला कायमचं यावं, घर विकावं. डोरोथीला ते मान्य नव्हतं. दोघींचं त्यावर किती वाजलं असेल ते मला माहीत नाही, पण शेवटचा सौदा माझ्यासमोर, त्या वाफ्यापाशीच ठरला. डोरोथी वॉकरला धरून उभी होती. ती लिंडाला म्हणाली, "ऑपरेशन तुझ्याकडे ओहायोला होऊ दे, पण ऑगस्टच्या मध्यावर मी परत येईन. आपण इथेच उभ्या राहू. हेदर फुललेलं असलं तर मी अजून स्वतःचं घर सांभाळू शकते, आणि मी राहणार. नसलं, तर तू म्हणशील तसं."

"मॉम, तू इथे नसताना ते फुललं काय आणि नाही काय," लिंडा म्हणाली.

"मी कुणाच्या हाती सोपवते, ते निवडणंही सांभाळण्यातच येतं," असं म्हणून डोरोथीने तो कागद माझ्या हातात दिला.

भूमितीच्या बाईचं अक्षर. चार ओळी. पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा पाणी, सकाळी, मुळाशी. खत नाही. कात्री नाही. शंका आली तर काहीही करू नका.

पाचवी ओळ नव्हती. तीस वर्षं मी लोकांना कागद वाचायला शिकवलं. मला चार ओळी वाचता आल्या नाहीत.

आता कढीपत्त्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट कुणाला समजायची नाही. अमेरिकेतल्या मराठी घरात एकवेळ पोरांकडे दुर्लक्ष होईल, कढीपत्त्याकडे नाही. त्याची कुंडी थंडीत चाकांच्या पाटावरून आत येते, खिडकीतली उन्हाची जागा तिची असते, पाहुण्यांना सांगितलं जातं की तिकडे बसू नका. आमच्या इथल्या बायकांचा त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. पानावर ठिपका आला की त्याचा फोटो येतो आणि तीस जणी उपाय सांगतात. उपाय बहुतेकदा एकच: ताक. आंबट ताक पाण्यात कालवून मुळाशी घालायचं आणि शेंडे खुडायचे. पार खोडापर्यंत छाटला तरी कढीपत्ता महिन्याभरात लसलसून फुटतो. माझा तर छताला टेकला होता. त्या ग्रुपमध्ये मला मान होता, खोटं कशाला बोलू?

जूनच्या सुरुवातीला एके सकाळी मला वाफ्यातलं एक झाड जरा मलूल दिसलं. आज विचार करते तेव्हा वाटतं, ते मलूल नव्हतंच. हेदर फुलण्याआधी असंच मळकट दिसतं. पण मला ऑगस्टची धास्ती बसली होती. मी मेधाला फोन लावला. मेधा मूळची नागपूरची, ग्रुपची सर्वेसर्वा, तिच्या कढीपत्त्याची रोपं चार राज्यांत गेलेली.

"हेदर? ते काय असतं यार?" मेधा म्हणाली. "थांब, गूगल करते. हं. अगं, हे तर अ‍ॅसिडिक सॉइलवालं आहे."

"हो ना, पण खत घालायचं नाही म्हणालीय ती."

"खत कोण म्हणतंय! अ‍ॅसिडिक हवंय ना? मग ताक घाल. ऑरगॅनिक आहे, आंबट आहे. बिचारी एवढी विश्वासाने देऊन गेलीय, तू नुसतं पाणी घालणार का?"

तो शेवटचा प्रश्न मला लागला. नुसतं पाणी! एक आजारी बाई आपलं घर माझ्या भरवशावर ठेवून गेली आणि मी तिच्या झाडांना नुसत्या पाण्यावर ठेवायचं? हे मनाला पटेना. आपल्याकडे कुणी घर आणि पोरं सोपवून गेलं, तर ती परत करताना चार माणसांनी म्हणावं लागतं, किती अंग धरलंय! मला डोरोथीने परत येऊन तसं म्हणायला हवं होतं. ती दरवर्षी पाहायची त्याहून दाट, त्याहून गडद फुलं मला हवी होती. आणि लिंडाने ती पाहायला हवी होती, म्हणजे मग तिचं तोंड बंद. आज हे लिहिताना मला माझ्या त्या हौसेची ताकापेक्षा जास्त घाण वाटते.

तर मी ताक घातलं. सोमवारी आणि गुरुवारी, नऊ झाडांना नऊ तांबे. घरच्या दह्याचं, दोन दिवस मुद्दाम आंबवलेलं. पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. ग्रुपवर मी फोटो टाकला, तर "किती करतेस गं तू!" अशी रांग लागली. किती गोड वाटतं ते वाचायला. दुसऱ्या आठवड्यात मी तांदळाचं धुवण सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात उकळलेल्या चहाचा चोथा, कारण तोही आंबट असतो असं कुणीतरी लिहिलं.

मग जुलै सुरू झाला. इथला जुलै काय असतो ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. घामाने चष्मा नाकावरून घसरतो, मेलबॉक्सपर्यंत जाऊन आलं तरी कपडे बदलावे लागतात. त्या हवेत वाळूत मुरलेलं ताक कुजायला लागलं. वाळूवर आधी पांढरी साय धरली, मग तिला पिवळसर लव फुटली. बोट लावलं तर ती बुळबुळीत. सालीचे तुकडे उचलले, तर त्यांच्याखाली गोगलगाई, बिनशंखाच्या, बोटभर लांब, शेंबडासारख्या, एकीवर एक. चिलटांचा ढग. मी वाकले की तो तोंडावर यायचा, एक-दोन चिलटं घशात जायची, आणि मी तिथेच थुंकायची. आणि तो वास! दुधाची पिशवी गाडीत विसरून दोन दिवसांनी दार उघडलं तर जसा येईल, तसा. दर सकाळी मला ओकारी यायची आणि दर सकाळी मी जायची. कुणी थांब म्हणालं नाही असं नाही. विनय वर्क फ्रॉम होम करायचा, त्याची खिडकी त्याच बाजूची. तो म्हणाला, "शुभा, हे कॅन्सल कर. मीटिंगमध्ये मला मळमळतंय. तिने लिहून दिलंय ना काहीही करू नका?"

"काहीही करू नका म्हणजे दुर्लक्ष करा असं नाही," मी म्हणाले.

"लिहिलंय तेच," विनय म्हणाला आणि त्याने खिडकी लावून घेतली.

मी ऐकलं नाही. माझ्या हाताखाली कुणी असं वागलं असतं तर त्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी कामावर येऊ दिलं नसतं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पहिलं झाड करडं पडलं. वाळलेलं दिसत नव्हतं, पण त्यातला हिरवा रंग निघून गेला होता. मग त्याच्या शेजारचं. फांद्या एकेक करून तांबूस व्हायला लागल्या. मी नखाने खोडाची साल खरवडली, तर आत तपकिरी. मी घाबरले, आणि घाबरलेला माणूस जे येतं तेच करतो. मला कढीपत्ता येत होता. मी कात्री घेतली आणि नऊच्या नऊ झाडं खोडापर्यंत छाटली. मनात म्हटलं, आता फुटतील. महिना आहे अजून.

हेदर जुन्या खोडातून फुटत नाही. पुन्हा कधीच फुटत नाही. ते फक्त टोकाशी, हिरव्या भागात वाढतं. हिरवं संपवलं की झाड संपलं. हे मला नंतर कळलं. लायब्ररीतलं बागकामाचं पुस्तक उघडलं तर पहिल्याच पानावर होतं. दोन मिनिटांचं काम. ते मी जूनमध्ये केलं नाही, कारण मला सगळं येत होतं.

छाटलेल्या फांद्या मी कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरल्या. त्यांच्या टोकांवर कळ्या होत्या. वरीच्या दाण्याएवढ्या, बंद, आतून जांभळ्या. पिशवीला गाठ मारताना त्या मला दिसल्या होत्या. मी गाठ मारली.

ताक तेव्हा बंद केलं, पण वास काही बंद झाला नाही. वाफा डोरोथीच्या हद्दीत, म्हणून वस्तीच्या असोसिएशनने वासाबद्दलचं पत्र डोरोथीच्या नावावर पाठवलं. तिचं टपाल ओहायोला वळवलेलं होतं, त्यामुळे ते लिंडाच्या हातात पडलं. मला हे पत्र आल्याचंच माहीत नव्हतं. मी इकडे नळीने वाफा धुवत होते, वरून पाइनच्या काडीचं आच्छादन टाकत होते, आणि कोपऱ्यातल्या नवव्या झाडाकडे डोळे लावून होते. फुटलं नाही.

ठरल्याप्रमाणे ऑगस्टच्या मध्यावर गाडी आली. सकाळची वेळ होती, दव अजून होतं. डोरोथी वॉकर सोडून काठीवर आली होती. तिची चाल खूपच सुधारलेली होती. ती परत राहायला येण्याच्या तयारीनेच आली होती. कानात मोत्याचे डूल घातले होते. लिंडाच्या हातात ते पत्र होतं.

आम्ही वाफ्यापाशी उभ्या राहिलो. नऊ तपकिरी खुंट. बाकी कुणी काही बोलायच्या आधी लिंडा बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट दयाच होती. "मॉम, पाहिलंस ना? असोसिएशनचं पत्रही आलंय, वास येतो म्हणून. मी आल्यापासून सांगतेय. तुझ्याच्याने हे सगळं होत नव्हतंच. तू जायच्या आधीच कदाचित सुरू झालं असेल, तुझ्या लक्षात आलं नसेल."

मी पायाने काड्यांचं आच्छादन सारखं केलं.

डोरोथीने काठीने पाइनच्या काड्या जरा बाजूला केल्या. थोडी वाकली, तिला जमेल तेवढी. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या बाईचे डोळे निळे होते, खरे निळे, आणि अजिबात पाणावलेले नव्हते. तिने विचारलं, "उन्हाळा फार कडक होता का, शुभा?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. ताक, मेधा, कात्री, काळी पिशवी. मी म्हणाले, "हो. यंदा उकाडा फारच होता."

"तेच असणार," डोरोथी म्हणाली.

लिंडाने आईच्या पाठीवर हात ठेवला. मग लिंडा आत गेली आणि कागदपत्रांची फाइल घेऊन आली. घर विकणाऱ्या माणसाला लावायला तिने फोनही हातात घेतला. डोरोथी तिथेच उभी होती. आणि मी काय केलं? मी म्हणाले, "एक मिनिट हं," आणि घरात गेले. आदल्या दिवशी मी बेसनाचे लाडू केले होते, त्यांना वाटेत खायला म्हणून. डबा काढला, वर पेपर टॉवेल घातला, नीट झाकण लावलं आणि तो घेऊन बाहेर आले. डोरोथीच्या हातात दिला. तिने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थँक यू, डिअर," म्हणाली. लिंडा तर कौतुकाने म्हणाली, "तुमच्यासारखे शेजारी मिळायला नशीब लागतं."

त्या वाक्याने मला आजही मळमळतं. सायीने नाही, गोगलगाईंनी नाही, त्या वाक्याने. मी ते ऐकलं आणि "त्यात काय," असं म्हणाले. हसले सुद्धा असेन.

घर महिन्याभरात विकलं गेलं. नवीन लोकांनी वाफा मोडून तिथे गवताच्या लाद्या बसवल्या. त्यांचा माणूस दर शुक्रवारी मशिन फिरवतो. हिरवा गालिचा, वास नाही, फूल नाही, कुत्री फिरवणारे आता दुसऱ्या गल्लीने जातात. कढीपत्ता मी मेधाला देऊन टाकला. तिने विचारलं, "अगं का? एवढा मस्त आहे!" मी म्हटलं, घरात जागा होत नाही. हेही खोटंच. त्याला तांब्याने ताक घालताना मला माझेच हात बघवत नव्हते, हे तिला कसं सांगायचं?

लोकांना खायला घालायची माझी सवय मात्र सुटली नाही. कुणी दारात उभं राहिलं की मी अजून डब्याकडे धावते. आता धावताना कळतं, एवढंच. हात झाकणावर असतो आणि मला वाटतं, बाई, काय लपवतेयस?

तर परवा ते निळं हेदर पाहून घरी आले, भाजी तशीच ओट्यावर ठेवली आणि डोरोथीला फोन लावला. तीन वर्षांत नाताळची कार्डं सोडून आमचं बोलणं झालं नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते, जेवून झोपली असेल असं वाटलं, पण दुसऱ्या रिंगला तिने उचलला. आवाज तसाच, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

तब्येतीचं झालं, हवेचं झालं. मी विचारलं, "तिथे बाग आहे का तुला?"

"बाल्कनी आहे," ती म्हणाली. "लिंडा दर वर्षी या दिवसांत मला हेदरची कुंडी आणून देते. निळी. रंग लावलेली असते. आणि रोज त्यावर पाणी फवारते, बिचारी. नाताळपर्यंत मरते ती कुंडी. मी तिला रोज म्हणते, किती छान आहे."

"सांगत का नाहीस तिला?"

"इतकं मनापासून करते ती," डोरोथी म्हणाली. "असं मनापासून करणाऱ्या माणसाला, त्याने स्वतः विचारेपर्यंत काही सांगता येत नाही."

मग मी सांगितलं. ओट्याशी उभी राहून, एका हाताने ओट्याची कड धरून, सगळं. ताक, धुवण, चहाचा चोथा, कात्री. कळ्या होत्या, हेही. मध्ये कुठे थांबले नाही, कारण थांबले असते तर मी तिला विचारलं असतं की तुला चकल्या पाठवू का.

मग ती म्हणाली, "शुभा, मी चार मुलं वाढवलीत. नासलेल्या दुधाचा वास मला गाडीतून उतरतानाच आला होता. आणि कात्रीचे काप काय मला ओळखू येत नाहीत?"

"मग तू लिंडाला बोलली का नाहीस? तुझं घर होतं ते."

"ते बोलणं माझं नव्हतं," ती म्हणाली. "मी तुझ्यासाठी थांबले होते. तुला विचारलंसुद्धा, उन्हाळ्याचं. मग तू एक मिनिट म्हणून घरात गेलीस, तेव्हा मला वाटलं, धीर गोळा करायला गेलीस. मी लिंडाला म्हटलं, थांब जरा, फोन करू नकोस. शुभाला काहीतरी सांगायचंय."

मी कड घट्ट धरली.

"आणि मग तू डबा घेऊन आलीस," डोरोथी म्हणाली.